राजाची सगळी पदं

संगीत नाटकं करणारी आमची एक हौशी मंडळी आहे. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीच्या सभागृहात संध्याकाळी तालीम चालते. कुणी शाळेत शिकवतं, कुणी पतसंस्थेत आहे, कुणाचं दुकान, कुणाची शेती. वर्षाकाठी एक नाटक बसवायचं आणि जिथे बोलावतील तिथे जाऊन करायचं, एवढाच आमचा व्याप. मी शिक्षिका. मंडळीत मी बहुतेक वेळा राणी होते आणि राजा असायचे भाऊ.

भाऊंचं वर्ध्याच्या बाजारात कापडाचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायच्या आणि दिवेलागणीला स्कूटर काढून तालमीला यायचं. त्यांचा आवाज गोड नव्हता. खालच्या सुरात भरदार आणि वर चढताना जरा खरखरणारा. त्या खरखरीवरच लोक जीव टाकायचे. म्हणूनच ती वाढली तेव्हा आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणी ज्येष्ठमध दिलं, कुणी हळदीचं दूध सांगितलं. भाऊ हसून म्हणायचे, "राजा म्हातारा होऊन राह्यला, दुसरं काय!"

एका दुपारी शाळा सुटली तर त्यांची बायको फाटकापाशी उभी. ती कधी तालमीला यायची नाही, त्यामुळे आमची ओळख लग्नकार्यातली, तोंडदेखली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तुमी त्याईले सांगा. माह्यं ऐकून नाई राह्यले."

भाऊंच्या स्वरयंत्रात कॅन्सरची गाठ निघाली होती. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. डॉक्टर लगेच भरती व्हा म्हणत होते आणि भाऊ म्हणत होते, महिन्याभरावर आलेला प्रयोग होऊ द्या, मग येतो.

"आवाज जाईन म्हन्ते," ती म्हणाली. "गेला तं गेला. मले मानूस पाह्यजे नं, बाई."

त्याच संध्याकाळी मी दुकानात गेले. भाऊ एका बाईला परकराचं कापड मोजून देत होते. ती गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी का आले ते त्यांना कळलं.

"महिन्याभरानं काय फरक पडते, बाई?"

"डॉक्टरांना विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

ते समोरचा तागा गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "एक डाव गाऊन घेऊ द्या मले. मंग काय कापाचं ते कापा म्हना."

मी मंडळीत सगळं सांगितलं. आमची पायपेटी वाजवणारे काका वयाने सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, "प्रयोग आहे म्हणून तो थांबला. प्रयोगच नसला तर कशासाठी थांबेल?" दुसरा राजा उभा करावा असंही कुणीतरी सुचवलं. पण भाऊंनी ते होऊच दिलं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रयोग रद्द करायचं ठरलं. सांगायचं काम माझ्याकडे आलं.

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "काऊन? कोनाले इचारून?"

"तुमच्यासाठीच केलं, भाऊ."

"माह्यासाठी नाई केलं तुमी. माह्या मागं केलं."

स्कूटर काढून ते निघून गेले. मी सभागृहाच्या पायरीवर बसून राहिले. आम्ही योग्य तेच केलं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

भाऊ भरती व्हायला तयार झाले. आदल्या रविवारी दुपारी काकांकडे त्यांचा निरोप आला : पायपेटी काढून ठेवा, सगळ्यांना बोलवा. आम्ही जमलो. भाऊ बायकोला घेऊन आले. ती मागच्या भिंतीला टेकून बसली. भाऊंनी अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. कुणाशी काही न बोलता ते सतरंजीवर बसले आणि काकांना म्हणाले, "पहिल्यापासून."

राजाची सगळी पदं त्यांनी ओळीने गायली. मधली भाषणं नाहीत, काही नाही. एक पद संपलं की घोटभर पाणी आणि पुढचं पद. आमच्यातल्या एकाने मोबाइल काढून समोर धरला. भाऊंनी गाणं थांबवलं.

"ठेव तो खिशात."

"भाऊ, आठवण राहील..."

"आयकाचं असन तं आयक."

त्याने मोबाइल ठेवून दिला. आमच्या दोघांचं पद आलं तेव्हा भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या भांडणानंतर पहिल्यांदा. मी माझी ओळ उचलली. सूर हलत होता. त्यांनी मांडीवर जोराने ताल धरला आणि मला ओढून समेवर आणलं. शेवटच्या पदातला वरचा सूर काही केल्या लागेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग नुसतीच मान वर केली आणि थांबले. काकांनी तो सूर पेटीवर धरून ठेवला. भाऊ डोळे मिटून तो ऐकत राहिले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाऊ उठले, बायकोला म्हणाले, "चाल आता." तिने त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. त्यांचं गाणं तिने एवढं सलग पहिल्यांदाच ऐकलं, असं ती पुढे मला म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. मी दवाखान्यात गेले तर त्यांच्या गळ्याला भोक होतं आणि तिथूनच श्वास चालू होता. मला बघून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर कित्येक महिने ते आमच्या कुणाच्या समोर आले नाहीत. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र त्यांना मिळालं होतं. त्याच्यावर ते दुकान चालवतात, एवढं कानावर यायचं. गिऱ्हाइकांबरोबर आलेली पोरं तो घरघरता आवाज पुन्हा काढायला लावतात आणि भाऊही काढतात म्हणे.

इकडे आमची मंडळी बंद पडल्यासारखीच होती. शेवटी काकांनीच नेट लावला. पतसंस्थेतल्या आमच्या एका सभासदाला राजा केलं. चाळिशीचा, सुरेल, पण घाबरट माणूस. त्याची तालीम सुरू झाली आणि एका संध्याकाळी भाऊ दारात उभे. गळ्याला रुमाल, बरोबर बायको. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्यांनी हातानेच, बसा, अशी खूण केली.

त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. नवा राजा घाईत आला की त्याचं मनगट धरून ठेवायचे. दम कुठे घ्यायचा ते त्याच्या पाठीवर पंजा ठेवून सांगायचे. चुकलं की कपाळाला हात लावायचे, आणि आम्ही हसायचो. यंत्र मात्र त्यांनी सभागृहात कधी काढलं नाही. मी एकदा त्यांच्या बायकोला विचारलं.

ती म्हणाली, "दुकानात चालते म्हन्ते तो आवाज. इथं नाई."

पहिला प्रयोग गिरडजवळच्या एका गावात होता, शाळेच्या पटांगणात. वाटेत जाम गावात चहा घेऊन आम्ही उन्हं उतरता उतरता पोचलो. तोंडं रंगवली, कपडे चढवले. पडद्यामागे सगळे नांदीसाठी ओळीने उभे राहिलो. मंडळीतल्या प्रत्येकाने नांदीला उभं राहायचं, अशी आमची रीत आहे. भाऊ विंगेत होते. काकांनी सूर दिला आणि भाऊ चालत आले, माझ्या शेजारी उभे राहिले, हात जोडले.

पडदा वर गेला. आम्ही गाऊ लागलो. भाऊंचे ओठ हलत होते, प्रत्येक अक्षरावर. आवाज नव्हता. गळ्यावरच्या रुमालातून नुसता श्वास येत होता, आणि तो बरोबर तालात होता. ओळ संपली की थांबे, पुढची सुरू झाली की पुन्हा येई. आमच्या एवढ्या आवाजात तो फक्त मलाच ऐकू येत असावा. पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती. तिने पदर तोंडाला लावला होता, पण नजर भाऊंवरून काढली नव्हती.

नांदी संपली. भाऊ विंगेत गेले आणि नव्या राजाचा खांद्यावरून घसरलेला शेला नीट करू लागले. पहिला प्रवेश माझा होता. मी पुढे झाले.