न मिळालेला नंबर

संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या आमच्या चपलांच्या दुकानातून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं निघालं, की काकू त्याच्यामागे रस्त्यावर धावायच्या. "ओ ताई, काय नाय मिळालं?" आवाज पार चौकापर्यंत. मी, त्यांची पुतणी, कॉम्प्युटरमागे मान खाली घालून बसायचे.

विक्रीचे आकडे बघून कुठल्या नंबरचा माल किती मागवायचा, ते मी आग्र्याच्या कारखान्याला कळवायचे. काकूंना ते पटायचं नाही. "तुझं मशीन विकलेलं सांगतं गं. जे दुकानात नव्हतंच, ते कोण सांगणार?" मग रस्त्यावरूनच ओरडायच्या, "लिही, मरून रंग, टाच नको!"

एकदा कन्नडहून लग्नाच्या खरेदीला नवरी मुलगी, तिची आई आणि होणारी नणंद आली. नणंदेनं सँडल घेतले. मुलगी मात्र "काही आवडलं नाही" म्हणत पायरी उतरली. काकू मागे गेल्याच. मुलगी काहीतरी कुजबुजली.

"लिही, लेडीज नऊ! लई मोठा पाय हाय पोरीचा!"

नणंद हसली. शेजारचे दुकानदारही हसले. मुलगी ओढणी खाली ओढत राहिली, जणू ती पायापर्यंत पोचणार होती. आई एवढंच म्हणाली, "सासरच्यांपासून झाकून ठेवलं होतं हो आम्ही."

काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. कारागिराकडून मोतिया रंगाचे नऊ नंबरचे सँडल करून घेतले. दुकानात बोलता बोलता आईनं घराची खूण सांगितली होती, तेवढ्यावर मला घेऊन एसटीनं कन्नड गाठलं. लग्न मोडलं नव्हतं. आईनं चहाही दिला. मुलगी मात्र बाहेर आली नाही. काकूंनी माफी मागितली, तेव्हा दाराआडून म्हणाली, "नको काकू. भावाच्या चपला घालते मी, तेच बरं."

परतताना काकूंनी खोका मांडीवर घेतला होता. वेरूळ मागे पडल्यावर म्हणाल्या, "माझ्या जिभेपायी पोरगी सोताच्या घरात लपली गं."

पुन्हा त्या कुणामागे धावल्या नाहीत. गिऱ्हाइकाशेजारी बसून हळूच विचारायच्या. आमच्या मागणीत बायकांचे नऊ-दहा नंबर आले आणि त्यासाठी पैठण-गंगापूरहून बायका येऊ लागल्या.

काकू जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात कारखान्याचे साहेब आले होते. आमची विक्री बघून ते आता सगळ्याच दुकानांना मोठे नंबर पाठवतात.

"मॅडम, ही मागणी तुम्हाला आकड्यांत कशी दिसली?"

"आकड्यांत नव्हती. काकूंनी विचारलं होतं."

"कुणाला?"

कन्नडचं ते दार आठवलं. चहा सांगते म्हणून मी दुकानाबाहेर आले.