डब्यातली चिमूटभर साखर

"आधी सांग, काय बदललंस?"

कुणी टेबलाजवळ आलं की आमच्या ऑफिसातल्या दीदी चष्मा कपाळावर सरकवत आणि एवढंच विचारत. नमस्कार नाही, बस म्हणणं नाही. समोरचा घाम पुसत म्हणे, "किछुई कोरिनि, दीदी!" म्हणजे काहीच केलं नाही हो. "काहीच नाही ना? मग देवीनेच केलं असेल. कालीघाटला जाऊन विचार," असं बंगालीत ऐकवून त्या चष्मा परत नाकावर घेत. थोड्या वेळाने तोच माणूस खाली मान घालून परत येई. एक बदल केला होता, पण अगदी बारीक, त्याने काय होणार असं वाटलं. त्या फक्त मान हलवत. तुमच्याही ऑफिसात असं एक टेबल असेल. आपण तिथे चुकूनही जात नाही आणि अडलं की आधी तिथेच जातो.

कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधली आमची कंपनी तेलाच्या टाक्यांवर बसवायची मोजणीची यंत्रं करत असे. टाकीत तेल किती, तापमान किती, ते यंत्र सांगायचं. यंत्राच्या पोटात, अगदी तळाशी, सी भाषेत लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या कोडचा साठा, होती. वरचे सगळे प्रोग्रॅम माहितीसाठी आणि मेमरीसाठी तिच्याकडे हात पसरत. ती लायब्ररी या दीदींनी तरुणपणी लिहिली आणि पुढे केस पिकेपर्यंत सांभाळली. वरच्या रंगीत पडद्याला दरवर्षी बक्षीस मिळे. बक्षीस घेणारी मंडळी स्टेजवर पुष्कळांचे आभार मानत. लायब्ररीची आठवण त्यांना फक्त पडदा काळा झाला की येत असे.

ऑफिससाठी त्या दीदी, माझ्यासाठी ताई. वडील लष्करात, फोर्ट विल्यममध्ये बदलून आले आणि पुढच्या बदलीआधीच निवृत्त होऊन भवानीपूरला राहिले, म्हणून या जन्माने कोलकात्याच्या. मराठी मात्र अशी स्वच्छ की मला, सोलापूरहून आलेल्याला, स्वतःच्या बोलण्याची लाज वाटावी. मी मराठी आहे हे कळल्यावर आनंद वगैरे झाल्याचं त्यांनी दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर स्टीलचा डबा आदळला. आत थालीपीठ होतं. "खा. तुझा कोड वाचला काल. उपाशीपोटी लिहिल्यासारखा वाटला," त्या म्हणाल्या.

मी डबा घासून, पुसून, चकचकीत करून परत केला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अरे गृहस्था, रिकामा? आईने काही शिकवलं नाही वाटतं. घरात काही नसेल तर निदान चिमूटभर साखर घालावी."

पुढच्या वेळी मी कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातले संदेश घातले. तर म्हणाल्या, "वा. कोलकात्यात संदेश! कुठून शोधून आणलेस?" तिसऱ्या वेळी मी जळका शिरा नेला. तो त्यांनी काही न बोलता संपवला. तेव्हापासून डबा आमच्यात जायला-यायला लागला. त्यांच्याकडून भरून येई म्हणून मी भरून देई, मी भरून देई म्हणून त्या. नव्या मुलांना शिकवताना त्या आमचाच दाखला देत. मेमरी म्हणजे मागून आणलेला डबा. काम झालं की परत करा, नाहीतर सगळे डबे लोकांच्या घरी अडकतील आणि यंत्राचा स्वयंपाक बंद पडेल. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "आणि याच्यासारखं करू नका. हा डबा कधीच सुटणार नाही."

असं सगळं सुखात चाललं असताना नवे डायरेक्टर आले. त्यांच्या तोंडी 'लेगसी', म्हणजे जुनाट, हा शब्द फार. आपल्याकडे काही घरांत 'सासूबाई' म्हणताना जो सूर लागतो, तोच त्यांचा 'लेगसी' म्हणताना लागे. ही जुनी लायब्ररी काढून बाहेरची तयार लायब्ररी घ्यावी असं त्यांच्या मनात होतं. निमित्त तेवढं मिळत नव्हतं. लायब्ररी बिचारी चालत होती, हाच तिचा गुन्हा.

निमित्त बजबजहून आलं. तिथल्या तेलाच्या डेपोतलं आमचं यंत्र बरं चालता चालता गुदमरायचं आणि ठप्प व्हायचं. बंद करून चालू केलं की काही दिवस पुन्हा ठीक. मेमरी कुठेतरी अडकते आहे हे उघड होतं. कुठे, एवढाच प्रश्न होता. डायरेक्टरांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं की दोष डेपोच्या प्रोग्रॅमचा निघाला तर लायब्ररी राहील, लायब्ररीचा निघाला तर जाईल. ताई म्हणाल्या, "ठीक है." लायब्ररीबरोबर आपणही जाणार हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सियालदहहून लोकल पकडून आम्ही दोघं बजबजला गेलो. डेपोच्या ऑपरेटरबाबूंना ताईंनी चष्मा वर करून नेहमीचा प्रश्न विचारला. बाबूंनी नेहमीचं उत्तर दिलं. गंमत म्हणजे ते खरं होतं. त्यांनी खरोखर काहीच बदललं नव्हतं. ताईंनी त्यांचा सगळा कोड पाहिला, माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि मग खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बाहेर एका टाकीला बांबूची परांची बांधून रंगकाम चाललं होतं.

"ती टाकी रिकामी आहे?"

"हो दीदी, दुरुस्तीला काढलीय. यंत्राला जोडलेली आहे तशीच," बाबू म्हणाले.

परतीच्या गाडीत मी डबा उघडून पुढे केला तर त्यांनी तो बंद केला.

"मीच ती. मीच बदललं."

मग त्यांनी सांगितलं. वरचा प्रोग्रॅम लायब्ररीला विचारी, नोंदी किती? लायब्ररी आकडा सांगे आणि नोंदींचं पाकीट हातात देई. पाकीट वाचून झालं की प्रोग्रॅमने परत करायचं. आकडा शून्य असेल तर पूर्वी पाकीटच मिळत नसे. काही धांदरट प्रोग्रॅम तरीही हात पुढे करत आणि हातात काही नाही म्हणून कोसळत. ताईंना ते बघवेना. म्हणून त्यांनी एक बारीकसा बदल केला होता, अगदी बारीक. शून्य असलं तरी एक छोटं पाकीट द्यायचं, आत 'काही नाही' एवढंच. धांदरट सावरले. पण डेपोचा जुना प्रोग्रॅम पहिल्याच नियमावर चालत होता. शून्य ऐकलं की तो दारातूनच मागे फिरे. पाकीट दारात पडून राही. भरलेल्या टाक्या शून्य सांगतात कशाला? रिकामी टाकी मात्र अहोरात्र शून्य सांगत होती, आणि न उचललेल्या पाकिटांनी मेमरी भरत होती.

"रिकाम्या हाताने कुणाला पाठवू नये म्हणून गेले. चिमूटभर साखर घालायला," त्या म्हणाल्या, आणि स्वतःवरच हसल्या. मला ते हसू आवडलं नाही.

मी म्हटलं, "ताई, पाकीट त्यांनी उचलायला हवं होतं असंही म्हणता येईल."

"येईल की. वकील झाले असते तर म्हटलंही असतं."

"लायब्ररी जाईल. तुम्हीही जाल."

"दुसऱ्यांना आयुष्यभर काय विचारत आले रे मी?"

मीटिंगमध्ये डायरेक्टरांनी विचारलं, "मॅडम, फॉल्ट किसका है?" ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "बदलाव मैंने किया था. बिना बताए. डेपो का कोई दोष नहीं." खोलीत सगळे टेबलाकडे पाहू लागले. ज्यांना त्यांनी इतकी वर्षं कालीघाटला पाठवलं होतं, त्यांतला एकही हसला नाही. डायरेक्टरांचा चेहरा मात्र दुर्गापूजेचा बोनस मिळाल्यासारखा उजळला.

पाकीट देणं ताईंनीच थांबवलं आणि बजबजचं यंत्र सुरळीत चाललं. त्यानंतर लायब्ररी नव्या यंत्रांतून बाहेर गेली आणि ताईही ऑफिसातून गेल्या. निरोप समारंभात, जिने पाया रचला तिच्याविषयी, ज्यांनी पाया उखडला त्यांनी फार हृद्य भाषण केलं. ताईंना एक काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. त्यावर त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. "काय बदललंत?" त्या माझ्या कानात म्हणाल्या.

तयार लायब्ररीही बंद पडते. आता तिच्यासाठी परदेशी मदतकेंद्राला कळवावं लागतं. ते लोक फार सौजन्याने बोलतात आणि काय बदललंत असं कधीच विचारत नाहीत. म्हणून तर दोष सापडत नाही.

डब्याचं जाणं-येणं नंतरही थांबलं नाही. रविवारी मी भवानीपूरला जाई. त्या माझ्या कोडला नावं ठेवत, मग माझ्या शिऱ्याला. एकदा त्यांनी नारळाच्या वड्या भरून दिल्या, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या भावाचा फोन आला. सकाळी उठल्याच नाहीत. मी ऑफिसातच रडलो. मला त्यांच्याइतकं टोचून कुणी बोललेलं नाही आणि त्यांच्याइतकी माया परक्या गावात कुणी केलेली नाही.

महिन्याभराने डबा परत करायला गेलो. काही करायचं सुचलं नव्हतं, म्हणून आत चिमूटभर साखर घातली होती. दार त्यांच्या वहिनींनी उघडलं. त्या बंगाली. डबा घेऊन आत गेल्या. मी उठून चपला घालत होतो तेवढ्यात तो घेऊन बाहेर आल्या. गरम होता.

"खाली... रिकामा नाही द्यायचा," त्या जुळवून जुळवून मराठीत म्हणाल्या. "दीदी सांगायची."

बजबजचं यंत्र अजून ताईंच्याच लायब्ररीवर चालतं. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. शून्य आलं की ते आता रिकाम्या हाताने परत पाठवतं. यंत्रांना ते चालतं.

डबा माझ्या ओट्यावर आहे, घासून ठेवलेला. रविवारी भवानीपूरला जायचंय. शिरा करून बघतो, या वेळी न जाळता.