निळ्या गाडीचं वय

धम्मशीलाताईंना स्वतःला म्हातारी म्हणा, त्या हसून सोडून देतील. पण इंग्लंडमध्ये वॉटफर्डला त्यांच्या दारात उभ्या असलेल्या निळ्या गाडीला कुणी जुनी म्हटलं, की त्यांचा पारा चढलाच म्हणून समजा. गाडी जपानी बनावटीची, स्पोर्ट्स कार, दोनच सीटची. छत मागे दुमडता येतं. हेडलाइट एरवी बॉनेटमध्ये लपलेले असतात आणि बटण दाबलं की झोपेतून उठल्यासारखे वर येतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ताईंनी ती शोरूममधून नवी कोरी आणली, आणि तेव्हापासून तिच्यावर साधा ओरखडा उमटू दिलेला नाही.

ताई मूळच्या भुसावळच्या. लहानपणी त्यांच्या अंगावर नवं कापड क्वचितच पडलं. रेल्वे क्वार्टर्समधल्या साहेबांच्या मुलींचे उतरलेले फ्रॉक घालून त्या शाळेत जायच्या. एकदा त्या रडत घरी आल्या, तेव्हा वडिलांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "सूट बघ. त्याची इस्त्री बघ. कुणाचं उतरलेलं वाटतंय का?" ताई रडायच्या थांबल्या. आपल्या दारात जे उभं राहील ते कुणाचं उतरलेलं दिसता कामा नये, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. त्यांचं एकदा ठरलं की ठरलं.

लग्न होऊन त्या इकडे आल्या आणि कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची मिनीबस चालवायला लागल्या. म्हाताऱ्यांना डे सेंटरला न्यायचं, संध्याकाळी घरी सोडायचं. त्यांनी ही दोन सीटची गाडी पसंत केली तेव्हा त्यांचे यजमान शशिधरराव चक्रावलेच. "अगं, पाहुणे आले तर बसवायचे कुठे?" ताई म्हणाल्या, "दिवसभर पाठीमागे माणसं बसवूनच चालवते ना? आता मला मागे सीटच नको." शशिधरराव पुढे वारले. ताईंच्या शेजारची सीट तेव्हापासून रिकामीच असते, वर्षातला एक दिवस सोडून.

तो दिवस म्हणजे भीमजयंतीच्या मिरवणुकीचा. विहाराच्या हॉलपासून निघणारी मिरवणूक पूर्वी अगदी छोटी असायची. बाबासाहेबांची तसबीर ताईंच्या शेजारच्या सीटवर, तिला रीतसर सीटबेल्ट लावलेला, आणि मागे दहापाच घरची माणसं. आता हॅरोहून माणसं येतात, ब्रिस्टलहून कोच, म्हणजे मोठी बस भरून येतात. यंदा तर हाय स्ट्रीटवरून, भर बाजारपेठेतून जायची परवानगीही मिळाली होती. आणि कमिटीची सूत्रं भावनाकडे आली होती.

भावना इथेच जन्मली, इथेच वाढली. लंडनमध्ये मोठ्या कंपनीत डिझायनर आहे. पोरगी गुणी, पण मीटिंगमध्ये ती जे बोलली त्याने ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मावशी, प्लीज डोन्ट माइंड. यावर्षी सगळे फोटो काढणार, व्हिडिओ काढणार. आपला लूक मॉडर्न पाहिजे. तुमचा गाडी लव्हली आहे, पण डेटेड दिसते. आपल्या कमिटीतल्या विक्रांतची न्यू इलेक्ट्रिक कार पुढे ठेवू या."

"डेटेड? कुठे डेटेड दिसते? बोट ठेवून दाखव."

भावनाला बोट ठेवता येईना. याच भावनाने लहानपणी त्या गाडीत बसून हेडलाइटचं बटण इतकं दाबलं होतं, की एकदा बॅटरी उतरली होती. ती चुळबुळत म्हणाली, "म्हणजे… ओव्हरऑल."

नेमकं सांगता आलं नाही की माणसं ओव्हरऑल म्हणतात. गप्प बसतील त्या धम्मशीलाताई कसल्या! त्या उठल्या आणि गाडी काढून थेट हॅरोला गेल्या, इंद्रजितच्या गॅरेजमध्ये. इतकी वर्षं गाडीची देखभाल तोच करत होता.

"हिला मॉडर्न कर," ताई म्हणाल्या.

"ताई, हिला झालंय काय पण?"

"काही झालेलं नाही. तू कर."

इंद्रजित बिचारा काय करणार? त्याने चाकं बदलून काळी बसवली. मागे डिकीवर पंख लावला. गाडीच्या पोटाखाली निळ्या दिव्यांची पट्टी फिरवली, मागच्या दिव्यांवर काळी फिल्म चढवली. ताई प्रत्येक गोष्टीवर मान डोलावत होत्या, पण मान डोलावताना गाडीकडे बघत नव्हत्या. त्यांनी चंग बांधला होता, आणि चंग बांधलेल्या माणसाला समोरचं नेहमी दिसतंच असं नाही.

भावनाला गाडी दाखवली. तिने खालचा ओठ दाताखाली धरला. हसू दाबत होती. ती चांगल्या घरची पोर म्हणून दाबलं तरी, दुसरं कुणी असतं तर खो खो हसत सुटलं असतं.

घरी येऊन ताई कोट न काढताच बाहेरच्या खोलीत बसून राहिल्या. समोर तसबीर होती. वडिलांच्या घरातलीच, रंग थोडा उडालेली. निळा सूट, टाय, खिशाला पेन. सूट कधीचा शिवलेला! आजवर कुणाला वाटलं का, की याला चकचकीत बटणं लावावीत, कॉलर बदलावी? ताईंना स्वतःचाच भयंकर राग आला. गाडीला बाहेरून काही चिकटवायला गेल्या, म्हणजे ती जुनी झाली हे आधी त्यांनीच मान्य केलं होतं. भावनाने नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा इंद्रजितच्या दारात हजर. "सगळं काढ."

"सगळं?"

"आली होती तशी कर. एक स्क्रूसुद्धा जास्तीचा नको."

पंख गेला, पट्टी गेली, मूळची चाकं परत आली. ताईंनी बाजूला उभं राहून गाडी नीट पाहिली, बऱ्याच वर्षांनी. नाकापासून शेपटापर्यंत एकच रेघ, कुठे न अडखळता गेलेली. गॅरेजमधल्या नव्या गाड्या तोंड वासून, भुवया ताणून उभ्या होत्या, कुणाशी भांडायला निघाल्यासारख्या. ही आपली शांत होती. "बघू कोण जुनी म्हणतं," त्या म्हणाल्या आणि बसल्या स्टिअरिंगवर.

त्यांनी भावनाला फोन करून बजावलं, "मी येणार. पुढे नाही तर शेवटी. पण गाडी मिरवणुकीत असणार." भावना म्हणाली, "ऑफ कोर्स, मावशी." फोनवरून ती सुटल्यासारखी वाटली.

जयंतीच्या दिवशी ऊन होतं, पण वारा बोचरा. सगळ्यांत पुढे विक्रांतची पांढरीशुभ्र, उंच गाडी, टपावर स्टँड आणि स्टँडवर मोठी तसबीर. हाय स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकापासून दिसेल अशी. खोटं कशाला बोला, छानच दिसत होती. ताईंची गाडी पार मागे, ब्रिस्टलच्या कोचच्याही मागे. ताई मात्र पुढे येऊन हारासाठी उभ्या राहिल्या.

पहिला हार वयाने सगळ्यांत मोठ्या बाईने घालायचा, ही विहाराची जुनी पद्धत. कांताबाईंना व्हीलचेअरवरून आणलं. नव्वदी गाठलेल्या, पांढरं लुगडं, वरून जाड कोट, मांडीवर झेंडूचा हार. त्यांनी वर पाहिलं. तसबीर त्यांच्या डोक्याच्याही कितीतरी वर होती.

विक्रांत अदबीने वाकला. "आजी, हार माझ्याकडे द्या. मी वर चढून घालतो."

"मी घालणार."

"आजी, तुमचा हात पोचणार नाही. मग असं करू, तुम्ही खालून वर टाका, मी झेलतो."

कांताबाईंनी हार छातीशी धरला. आवाज बारीक होता, पण ठाम. "माझी आय पाण्याला जायची, तेव्हा वरून ओंजळीत पाणी ओतायचे. लांबून. हात लागू नये म्हणून. ज्याने ते थांबवलं, त्याला मी लांबून हार टाकू? नाही टाकायची. माझ्या हातानं घालीन, नाहीतर परत ने मला."

भावनाचे डोळे भरून आले होते. ताईंचेही आले होते, पण त्या तिथे थांबल्याच नाहीत. लोकांना बाजूला सारत त्या मागे गेल्या, छत दुमडलं आणि हॉर्न वाजवत गाडी पुढे आणली. त्यांनी कुणाला विचारलं नाही. विक्रांत स्वतःच टपावर चढला, स्टँडच्या दोऱ्या सोडल्या आणि तसबीर खाली भावनाच्या हातात दिली. भावनाने ती ताईंच्या शेजारच्या सीटवर ठेवली. सीटबेल्टही तिनेच लावला.

व्हीलचेअर दाराशी आली. आता बाबासाहेब कांताबाईंच्या समोरासमोर होते. त्यांनी हार घातला, तो तसबिरीवर सारखा केला आणि काचेवरून तळवा फिरवला. बराच वेळ तो हात तिथेच होता. कुणीही घाई केली नाही.

मग हात काढताना त्यांचा तळवा गाडीच्या दारावर टेकला. त्यांनी ते गुळगुळीत निळं दार चाचपलं. "धम्मशीले, नवी घेतलीस का गं?"

ताईंनी मान वळवून भावनाकडे पाहिलं आणि बघतच राहिल्या.

"हो आजी," भावना म्हणाली. "नवी आहे."

कांताबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे विहारात सगळ्यांना ठाऊक आहे. ताईंसमोर तो विषय आजही कुणी काढत नाही.

भावनाने वाकून विचारलं, "मावशी, बटण मी दाबू?" तिने दाबलं. भर उन्हात दोन्ही दिवे वर आले, ताईंनी क्लच सोडला आणि निळी गाडी सगळ्यांच्या पुढे निघाली.