चौथ्या टोकाची गाठ

"गाठ सुटली नाई अजून," असं म्हणून तो शर्टाच्या खिशावर हात ठेवायचा. खिशात कॅमेऱ्याचं कार्ड, कार्डाभोवती रुमाल आणि रुमालाच्या तीन टोकांना तीन गाठी. मांडवातल्या बायका हसायच्या. कोणी म्हणे, फोटोवाल्याचा काही नवस असेल.

तुमच्याही गावात असेल असा एखादा, ज्याच्या नीटपणाला सगळे वेड म्हणतात. आमच्या कारंजात हा होता. गाठींचा अर्थ साधा होता. लग्नाचे फोटो दुकानातल्या हार्ड डिस्कवर उतरले की पहिली गाठ सुटायची, घरच्या डिस्कवर उतरले की दुसरी. तिसरी डिस्क धनजला बहिणीच्या घरी पोचल्यावर तिसरी. तोवर कार्ड पुसायचं नाही. डिस्कला तो 'डबा' म्हणायचा.

"धनज काहून? कारंजात जागा नाई काय?" मी एकदा विचारलं.

"तुमी सारं सोयाबीन एकाच शिवारात पेरता काय, भाऊ? गारपीट झाली म्हनजे?"

माझं सारं सोयाबीन एकाच शिवारात होतं. मी विषय बदलला.

मग तोच म्हणाला, "एका नवरीच्या बापाले 'फोटो गेले' म्हनून सांगाले गेलो होतो. धंद्यात नवा होतो तवा. त्या मानसानं उलटा मलेच चहा पाजला. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं."

हे ऐकूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तर मी त्याच्यावर चिडलोच. पाठवणी झाली, घरच्यांची शेवटची पंगत बसली आणि हा बॅग उचलून निघाला.

"कुठं चालला? पान वाढलं हाये."

"दुकान, घर करून धनजची जीप पकडाची हाये."

"दोन घास खाऊन जाय ना!"

"लगन लागू तर द्या."

"अरे, पोरगी सासरी गेली माही! अजून कोनतं लगन लागाचं हाये?"

"तिसरी गाठ सुटली म्हनजे लागलं. मंग जेवीन."

आणि गेला. त्या दिवशी रुमालाचं चौथं टोकही फुगलेलं दिसलं. जास्तीचं कार्ड असेल, असं मला वाटलं. माझ्या मांडवातून माणूस उपाशी गेला! पुढं कोणाच्याही लग्नात त्याचं नाव निघालं की मी ही गोष्ट सांगायचो. दर वेळी त्यात त्याची घमेंड थोडी वाढायची आणि माझा आग्रहही.

त्याच लग्नात आणखी एक गोष्ट घडली होती. आमचे थोरले भाऊ दोन वर्षं लकव्यानं खाटेवर होते. अक्षता पडताना ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले. कोणी उठवलं नाही, आपले आपण उभे राहिले. पुढच्याच वर्षी ते गेले.

अल्बमचे फोटो मी निवडले होते. अल्बमात मी सतरा वेळा आहे. थोरले भाऊ एकदाही नाहीत. सगळे फोटो त्यानं मला पेनड्राइव्हवरही दिले होते. "हे दुसऱ्या गावी ठेवा," असं बजावलंही होतं. मी तो गाडीत ठेवला आणि एका सहलीच्या आधी पुसून त्यात गाणी भरली.

यंदा वहिनी म्हणाल्या, "यांचा एखादा उभा फोटो नाई काय हो? माह्याजवळ सारे खाटेवरचेच हायेत."

फोटोवाला तर हिवाळ्यातच गेला होता. बसल्या जागी, छातीत कळ येऊन.

मी दुकानावर गेलो. तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकत होती. जागेचा मालक म्हणाला, "ते डबे भंगारात गेले. जुनी लग्नं कोनाले पाह्यजेत?"

जुनी लग्नं! लग्न काय भाजी आहे, शिळी व्हायला? त्या डब्यांत अर्ध्या गावाचे गेलेले आईबाप होते. ज्याचं स्वतःचं लग्न त्याच डब्यांत होतं, तो माणूस मला हे सांगत होता!

तसाच त्याच्या घरी गेलो. मुलगा म्हणाला, "काका, बाबाची डिस्क पुसून मी पिक्चर भरले. कोनी काही मागतच नोतं."

मी ओरडलो. बापाच्या मेहनतीवर, आजकालच्या अकलेवर, होतं नव्हतं ते सगळं बोललो. मग दार आपटून गाडीत बसलो, चावी फिरवली आणि त्या पेनड्राइव्हमधली गाणी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन धनजला गेलो. बहिणीनं ज्वारीच्या कोठीमागून पत्र्याची पेटी ओढली. आत डबे, एकेक फडक्यात गुंडाळलेले, वर वर्षाची चिठ्ठी. आमच्या वर्षाचा लावला. थोरले भाऊ उभे होते. एक हात खुर्चीवर, दुसऱ्या मुठीत अक्षता.

मी खिशातला रुमाल काढून लॅपटॉपची काच पुसली. मग उगाच म्हणालो, "तुमचा भाऊ माह्या मांडवातून उपाशी गेला होता."

"उपाशी?" ती हसली. "दादा दर लगनातलं काईतरी रुमालात बांधून आने. डबा पेटीत ठेवे, तिसरी गाठ सोडे, अन् मंग चौथी. तुमच्या पोरीच्या लगनातला बुंदीचा लाडू होता. इथंच बसून खाल्ला. अर्धा मले देल्ला. म्हने, 'घे, लागलं लगन.'"

मी फोटो लॅपटॉपवर उतरवले आणि डबा पुन्हा पेटीत ठेवायला लावला. तोवर तिनं ताट केलं होतं.

"जेवून जा, भाऊ."

"वहिनीच्या हाती पोचू द्या," मी म्हणालो. "मंग जेवीन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला रुमाल घेतला, त्याच्या एका टोकात गुळाचा खडा ठेवला आणि घट्ट गाठ मारून दिली.