आईनं सांगितलेलं, मी न लिहिलेलं

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही, आणि त्याच्यापासून मी फारसं काही लपवत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हेही एक प्रकारचं पळणंच?

आई आमच्याकडे, ठाकुर्लीला राहायची. डायबेटिसनं तिचे डोळे गेलेले. माझी थोरली बहीण नंदाताई चिपळूणला. पाच वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. ठाण्याच्या मूकबधिर शाळेत शिकली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं, त्याच्या गावी गेली. म्हणजे बघा – एकीला दिसत नाही, दुसरीला ऐकू येत नाही. मधे मी. संध्याकाळी ऑफिसातून आले की आई सांगायची आणि मी मोबाइलवर टाइप करायचे. ताईचं उत्तर आलं की वाचून दाखवायचे. ताईचं लिहिणं तुटक – ‘आई गुडघा दुखणं कमी? मी आज फणस भाजी.’ तेवढ्यावर आई किती वेळ हसत बसायची.

माझ्या बोलण्यावर ती तशी कधी हसली नाही. तिला आंघोळ घालायचे मी, इन्सुलिन टोचायचे मी. आणि ताईला काय सांगायची? “लिही, आमटी हल्ली अळणी असते. लिही, ही आल्यावर धड बोलत नाही.” माझीच तक्रार, माझ्याच बोटांनी. लिहिली मी, शब्दन् शब्द. तोवर खोटं लिहायचं सुचलं नव्हतं.

मग आम्ही सगळे वापरायचो ते मेसेजचं जुनं ॲप बंद होणार अशी नोटीस आली. घरच्या ग्रुपवर गडबड उडाली. ठाण्याला राहणारा आमचा दादा म्हणाला, “तुला यातलं कळतं, तूच ठरव.” मी दोन रविवार घालवले – कोण नंबर मागतं, कोण आपले मेसेज साठवून ठेवतं, सगळं वाचलं. शेवटी एक निवडलं, अगदी खाजगी. आपला नंबरसुद्धा कुणाला दिसत नाही. आतल्या माणसानं लिंक पाठवली तरच बाहेरचा आत येतो. ती लिंक माझ्याकडे. दादाला पाठवली, वहिनीला, त्यांच्या मुलांना, दुबईतल्या मावसभावाला. ताईला नाही.

विसरले का? नाही. तिच्या नावावर बोट नेऊन थांबले होते – आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी अजून विसरलेली नाही.

दादाला सांगितलं, ताई म्हणते, आता नवीन काही शिकायला नको. त्याला ते लगेच पटलं. जुन्या ॲपवर ताईचा शेवटचा मेसेज आला – ‘आता आई बोलणं कसं?’ मी वाचला. दोन दिवसांत ते बंद झालं. मग तिचे साधे एसएमएस यायला लागले, ‘नवीन कोणतं? सांग.’ मी कळवायचे, अजून ठरलं नाही; आईला त्यातलं काही सांगायचे नाही. तीनदा, चारदा. पुढे तिनं विचारणं सोडलं.

आणि आई? ती रोज म्हणायची, “लिही गं नंदीला.” मी मोबाइल घेऊन तिच्यासमोर बसायचे. काचेवर नखं वाजवायचे, टाइप केल्यासारखी. थोड्या वेळानं ताईचं उत्तर सांगायचे – मी रचलेलं. बरी आहे म्हणते, कामात आहे म्हणते. फणस, गुडघा, असलं काही मला सुचायचंच नाही. एकदा आई म्हणाली, “नंदी हल्ली फार सरळ लिहायला लागली.” महिन्याभरानं म्हणाली, “कंटाळली असेल माझ्या रडगाण्याला. राहू दे, नको लिहूस.”

मी “बरं” म्हटलं.

त्यानंतर चारेक महिन्यांनी आई गेली. ताई चिपळूणहून पोचेपर्यंत दुपार झाली. ती आईजवळ बसली, मग स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं – ‘आई माझा राग होता?’

तेव्हा खरं लिहिता आलं असतं. मोबाइल माझ्या हातात होता, ती माझ्याकडे बघत होती. मी लिहिलं, ‘शेवटी आई कोणाशीच बोलत नव्हती.’ तिनं ते दोनदा वाचलं. मान हलवली. आणि मलाच जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवत राहिली.

तुम्ही म्हणाल, थकली असशील. थकले होतेच. पण थकलेल्या माणसाला रोज बसून खोटी उत्तरं रचायला जोर कुठून येतो? मत्सर होता तो. सत्तरी ओलांडलेल्या आईच्या हसण्यावर पन्नाशीतल्या बाईचा मत्सर. आई गेली ती ताईला आपण नकोशा झालो असं समजून. आणि ताई समजते की आई तिच्यावर रुसून गेली. दोघींमधे मी होते, आणि फक्त मीच.

तेराव्यानंतर मी ताईला लिंक पाठवली. दादाला वाटलं, तिचं मन बदललं. आता ती रोज ग्रुपवर असते. आईच्या वर्षश्राद्धाला तिनं लिहिलं, ‘माझी बहीण आई सेवा खूप केली. देव तिला सुख.’ त्याखाली दादानं हात जोडले, वहिनीनं जोडले.

मीही जोडले.