मुंडीचा मान

कोकतेरेकमध्ये कुणाच्याही घरी मेंढा पडला की पहिला निरोप एसिमखानला जातो. शिजवायला बायका समर्थ आहेत आणि खायला अख्खं गाव समर्थ आहे, पण कुठलं हाड कुणाच्या पुढ्यात ठेवायचं हे ठरवायला एसिमखानच लागतो. आमच्या लोकांना सोयरीक मोडायला भांडण करावं लागत नाही, एक चुकीचं हाड पुरतं. जावयाला छाती द्यायची. लग्नाच्या मुलीला पुढच्या पायाची नळी चुकूनही द्यायची नाही, नाहीतर ती बापाच्याच घरी म्हातारी होते. हे सगळं एसिमखानला तोंडपाठ. बाकी जन्मभर त्याने जार्केंतची बस चालवली, आणि तीही निम्मा वेळ बंदच असायची. हे आम्ही नाही म्हणत हं, तोच सांगतो. "मला दोनच कला येतात. बस ढकलायला माणसं खाली उतरवणं आणि मेंढा वाटणं."

त्याच्या स्वतःच्या घरी मात्र मुंडीचा प्रश्न कधी पडला नाही. मुंडी सगळ्यात मानाची, ती थोरल्या भावाची, तोक्तारदादाची. वडील युद्धावर गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा एसिमखान रांगत होता आणि तोक्तार दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायला जाऊ लागला होता. धाकट्याच्या पायात बूट आले ते थोरल्याच्या मेंढ्यांमुळे, आणि लग्नाचा खर्चही त्यानेच केला. एसिमखान मोठा झाला, चार पैसे कमावू लागला, तरी दादाला देण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. म्हणून दरवेळी तो मुंडीचं ताट दोन्ही हातांनी उचलून दादापुढे ठेवायचा. तेवढ्यापुरता तो बरोबरीचा माणूस व्हायचा.

मग गावात पाण्याचा पंप आला. पंप अमेरिकेने दिला, पाइप चीनने टाकले आणि पंपाची वीज जोडून दिली रशियन इंजिनियरने, कारण तिथल्या तारा कुठून कुठे गेल्यात हे आता फक्त त्यालाच माहीत होतं. आमचा देश असाच चालतो. कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि कुणाला हो म्हटलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. एसिमखानचा संसारही याच धोरणावर चाललाय असं त्याची बायको कुलाश म्हणते.

उद्घाटनाला तिघांचे साहेब येणार आणि जेवण एसिमखानकडे, असं अकीमसाहेबांनी परस्पर ठरवून टाकलं. अकीम म्हणजे आमच्या तालुक्याचे प्रमुख. ते स्वतः घरी आले, चहा प्यायले आणि मग हळूच म्हणाले, "हे बघा काका, अमेरिकेचा मान राहिला पाहिजे, रशियाला लागता कामा नये, आणि चीनला कळता कामा नये."

"सोपं आहे," एसिमखान म्हणाला. "कमरेची हाडं दोन असतात. एक रशियाला, एक चीनला. दोन्ही सारख्याच मानाची."

"आणि मुंडी अमेरिकेला."

"मुंडी दादाची असते."

"काका, पलीकडच्या चार गावांना पंप हवेत. एका म्हाताऱ्यासाठी चार गावं तहानलेली ठेवायची का?"

एसिमखान हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? नाही म्हणायचा सराव नको का! अकीमसाहेबांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण दादाला विकून बसलो. दादा उठून भांडला असता तर परवडलं असतं. पण दादा काही बोलणार नाही, नमाजाला जायचंय असं काहीतरी पुटपुटत उठून जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"अमेरिकेला घाबरलात?" कुलाशने विचारलं.

"अमेरिकेला कोण घाबरतंय? मी अकीमला घाबरतो."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही, पण पहाटे एकदम एक गोष्ट आठवली. ज्याचे वडील हयात आहेत त्याला मुंडी देत नाहीत. बाप जिवंत असताना मुलाने मुंडी घेतली तर बापाचं आयुष्य कमी केल्यासारखं होतं. म्हणजे अमेरिकन साहेबाचे वडील जिवंत असले की झालं. मुंडी आपोआप दादाकडे, अकीमसाहेबांचं तोंड बंद, आणि दोष कुणालाच नाही. एसिमखान अंथरुणातच हसायला लागला. आपण राजदूत व्हायला हवं होतं, उगाच बस चालवली, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

सकाळीच त्याने तालुक्याच्या कचेरीत फोन लावला आणि विचारलं की येणाऱ्या अमेरिकन साहेबाचे वडील जिवंत आहेत का. उत्तर आलं नाही, माणूस आला. काळं जाकीट घातलेला, नाव न सांगणारा. त्याने खुर्ची ओढली आणि विचारलं, "अमेरिकन साहेबाच्या वडिलांशी तुमचा काय संबंध?"

"काहीच नाही. ते जिवंत असावेत एवढीच इच्छा आहे."

"का?"

"मुंडीसाठी."

"कुणाच्या मुंडीसाठी?"

"मेंढ्याच्या."

त्या माणसाने लिहायला काढलेली वही पुन्हा खिशात घातली. मग तोही आमच्याच भागातला निघाला, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "काका, असले प्रश्न फोनवर विचारत जाऊ नका. मलाही घरी जाऊन जेवायचं असतं." पण वडिलांचं काही त्यालाही ठाऊक नव्हतं.

उद्घाटन थाटात झालं. पंपाने आधी चिखल ओकला, मग पाणी दिलं. अमेरिकन साहेबाचं नाव पिटमन. पन्नाशीचा, उंच, जरा वाकलेला माणूस. अमेरिकेला या भागात सगळ्यांशी मैत्री हवी आहे, कुणाविरुद्ध काही नाही, असं तो बोलला, तेव्हा रशियन साहेब आभाळाकडे बघत होते आणि चिनी साहेब पाइपाकडे. बोतागोज नावाची, अमेरिकन दूतावासात काम करणारी आमच्याकडचीच एक मुलगी त्याचं बोलणं भाषांतर करून सांगत होती. चांगली हुशार पोर.

मग मंडळी घरी आली. दारापासून लांबच्या मानाच्या जागी पिटमनला बसवलं, त्याच्या एका हाताला तोक्तारदादा, दुसऱ्या हाताला अकीमसाहेब, आणि समोरासमोर रशिया नि चीन. दादाने ठेवणीतला कोट घातला होता. आज काय घाट घातलाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एसिमखान मुंडीचं ताट घेऊन आत आला आणि मधोमध उभा राहिला. अकीमसाहेब डोळ्यांनी पिटमनकडे खूण करत होते. दादाने सवयीने बाह्या सारल्या होत्या. त्या सारलेल्या बाह्या बघून एसिमखान दोघांकडेही न जाता बोतागोजकडे वळला.

"बोतागोज बेटा," तो म्हणाला, "साहेबांना विचार, त्यांचे वडील हयात आहेत का? असले तर आमच्या रीतीने त्यांना मुंडी घेता येत नाही."

अकीमसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बोतागोजने पिटमनला सांगितलं. पिटमनने हळू आवाजात तिला काहीतरी विचारलं. तिने दादाकडे बघत दोन शब्दांत उत्तर दिलं. पिटमननेही दादाकडे पाहिलं, त्या सारलेल्या बाह्यांकडे पाहिलं, मग एसिमखानकडे, आणि काहीतरी बोलला.

बोतागोजने पिटमनकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाली, "साहेब म्हणतात, हो. माझे वडील जिवंत आहेत."

एसिमखानने देवाचे आभार मानले आणि ताट दादापुढे ठेवलं. अकीमसाहेबांनाही हायसं वाटलं असावं, रीतीपुढे तेही काय बोलणार. पिटमनला मांडीचं उत्तम हाड मिळालं. दादाने गालाचा पहिला तुकडा कापला, आणि खाण्याआधी सुरी खाली ठेवून दोन्ही तळहात उघडले.

"लेकरा," तो पिटमनला म्हणाला, "माझ्या डोक्यावरचं छत्र मी पोरवयातच हरवलं. तुझ्या वडिलांचं छत्र तुझ्यावर कायम राहो. त्यांना शंभरी लाभो. त्यांची सावली तुझ्या पोरांनाही मिळो."

सगळ्यांनी तळहात उघडले. रशियन साहेबांनी उघडले आणि त्यांचं बघून चिनी साहेबांनीही उघडले. तीन मोठ्या सत्तांनी एकाच वेळी एका म्हाताऱ्या अमेरिकनाच्या दीर्घायुष्यासाठी हात पसरावेत, असं काही कुठल्या परिषदेत घडलं नसेल. आमीन झालं, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. पिटमनचे हात मात्र तसेच राहिले, नंतर त्याने ते तोंडावर धरले आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवले. नवीन माणूस, त्याला रीत ठाऊक नाही, असं एसिमखानला वाटलं.

जेवणं झाली, गाड्या लागल्या. एसिमखान फाटकाशी बोतागोजला गाठून मिशीला पीळ देत म्हणाला, "बघितलंस बेटा? याला म्हणतात मुत्सद्देगिरी. तुमच्या साहेबांना सांग, काही अडलं तर मला बोलवा."

ती हसली नाही. "काका, त्यांचे वडील मागच्या हिवाळ्यात वारले. ते विमानाने जाईपर्यंत सगळं उरकलं होतं. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

"मग ते जिवंत म्हणाले ते?"

"त्यांनी मला विचारलं, मी घेतली नाही तर ती कुणाला मिळेल. मी म्हटलं, या आजोबांना."

एसिमखानची सगळी ऐट पायांतून जमिनीत गेली. इतके दिवस आपण एका परक्या माणसाचा बाप जिवंत असावा म्हणून धावाधाव करत होतो, ती आपली लाज झाकायला. आणि त्या माणसाने आपला गेलेला बाप भर पंगतीत पुन्हा उठवला, कुणाच्या तरी थोरल्या भावासाठी. वर आम्ही त्याला शंभरी चिंतली. एसिमखानने मिशीवरचा हात खाली घेतला.

मग तो गाडीकडे गेला. बरोबरचा रखवालदार आडवा आला, पण पिटमनने काच खाली केली. "वडिलांचं नाव काय?" एसिमखानने विचारलं. बोतागोजने ते साहेबांना विचारलं.

"वॉल्टर," पिटमन म्हणाला.

एसिमखान तिथेच धुळीत टाचांवर बसला आणि पाठ होती तेवढी कुराणातली आयत म्हणाला. ती त्याने आपल्या वडिलांच्या नावे अर्पण केली, जे कुठे पुरलेत हे आम्हाला अजून माहीत नाही, आणि वॉल्टरच्या नावे. पिटमन गाडीतून उतरून त्याच्यासमोर तसाच टेकला. चांगली इस्त्रीची पँट होती, धुळीने माखली. उठताना तो बोतागोजशी काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात, आजोबांना सांगू नका."

एसिमखान आत आला तेव्हा तोक्तारदादा तृप्त होऊन उशीला टेकला होता. "गाडीपाशी काय म्हणत होतास रे?"

"प्रवासाची दुआ, दादा."

ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याने ही एक गोष्ट मात्र सांभाळली. कुलाशला सांगितली, पण तेवढं चालायचंच, तिच्याकडूनच तर आम्हाला कळली. दादाला अजून ठाऊक नाही. आणि दादा दर वेळी मुंडीचं ताट पुढे आलं की विचारतो, "त्या अमेरिकनाचे वडील कसे आहेत?"

"बरे आहेत, दादा."

पहिली एक-दोन वर्षं हे भागलं. पण म्हातारा माणूस दर वर्षी तसाच कसा राहील? मग एसिमखान थोडं थोडं घालू लागला. वॉल्टरसाहेबांचे गुडघे दुखतात. त्यांनी गाडी चालवणं सोडलं. ऐकायला कमी येतं. दादाला ते ऐकून बरं वाटतं, त्याचेही गुडघे दुखतात.

या शरदात दादाला ताट उचलवेना, एसिमखानने ते धरून ठेवलं. दादा सुरी हातात घेऊन थांबला. "मुलगा जातो का रे त्यांच्याकडे? की आपला देशोदेशी फिरतोच आहे?"

एवढं काही एसिमखानने योजून ठेवलं नव्हतं. त्याने ताट घट्ट धरलं.

"जातो, दादा. हल्ली तिथेच असतो."

"मग झालं," तोक्तार म्हणाला, आणि मुंडीचा कान कापून रीतीप्रमाणे नातीच्या हातावर ठेवला.