चंदनी साबणाची वडी

बहात्तरच्या दुष्काळातली नाताळची सुट्टी, नळदुर्गजवळचं आजोळ. हजर: आजी, तीन मामा, तीन माम्या, दोन मावश्या, आम्ही चौदा पोरं. एकूण तेवीस. आज चंदनी साबणाची नवी वडी उघडली आणि ती सकाळ आठवली.

तिथं आंघोळ बाजेवर बसून करायची. खालच्या घमेल्यात पडलेलं पाणी म्हशीला जायचं, म्हणून साबणाला बंदी. मी सोलापूरहून आणलेली वडी चोरून लावली. माझ्यानंतर धाकट्या मामीची शकू बसली.

म्हशीनं घमेलं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मामीनं पाण्याचा वास घेतला आणि ओलेत्या शकूच्या फाडकन मुस्काटात मारली. "मुक्या जनावराचं पाणी नासलंस, भवाने!" मग घरातली शेवटची घागर तिनं म्हशीपुढं ओतली.

"अगं, पोरं काय पितील आता?" आजी ओरडली.

"पोरांना मागता येतंय, आत्याबाई. तिला न्हाय."

मी वडी मुठीत लपवली. शकूनं माझ्याकडं पाहिलं, पण माझं नाव सांगितलं नाही. पाहुणीला बोल लागू नये म्हणून, हे आत्ता कळतं.

मामी आता ऐंशीला टेकली. दर डिसेंबरला करते त्या उरलेल्या कामांच्या यादीत पहिलं काम तेच असतं: मामीला खरं सांगणे. यंदाही त्यापुढं झाल्याची खूण नाही.